अर्धी गोळी

आमच्या निपाणीच्या घरात एके काळी दोघेजण एकच गोळी घ्यायचे. आप्पांना ७५ मिलिग्रॅमची आख्खी, दुपारच्या जेवणावर. तीन वर्षांच्या नातवाला त्याच पाकिटातली अर्धी, चमचाभर पाण्यात चुरून. वहिनी ती आप्पांच्या अडकित्त्यानं कापायची. त्यासाठी अडकित्ता उकळून, पुसून औषधांच्या फळीवर गेला तो कायमचाच, आणि डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगूनही न सुटलेली आप्पांची सुपारी त्या निमित्तानं सुटली. ॲस्पिरिनचा असाही एक गुण आहे.

आप्पांचं हृदय का बिघडलं, ते गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं. तीस-पस्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, नाकातोंडात जर्द्याची धूळ, वर दिवसाला बिडीचा एक कट्टा. नातवाचं मात्र कुणाला सांगता येईना. अजूनही येत नाही. निपाणीतच काय, टोकियोतही.

२००९ चा पावसाळा होता. पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला होता आणि ताप हा शब्द उच्चारला तरी शेजारची माणसं दोन पावलं मागं सरायची. अशात त्या नातवाला, माझ्या भाच्याला, ताप चढला. औषधानं तासभर उतरायचा, पुन्हा चढायचा. मग डोळे लाल झाले. पण चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसतेच लाल. डोळ्यांचे थेंब मिळाले. मग अंगावर पुरळ उठलं, तेव्हा गोवर म्हणाले. ओठ फुटून त्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा उष्णता म्हणाले. तळहात-तळपाय सुजले तोपर्यंत डोळ्यांची लाली ओसरत आली होती. प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या दिवशी दिसलं ते बघितलं, आणि त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. पोरगं मात्र सारखं किरकिरत होतं. कडेवर घेतलं तरी रडायचं, खाली ठेवलं तरी रडायचं. आईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, त्यामुळं दृष्टच आहे यावर घरात एकमत झालं.

मी तेव्हा बेळगावला शाळेत शिकवत होते, शहापुरात राहत होते. दादाचा फोन आला. आवाजावरून कळलं की विचारायला नाही, सांगायला केलाय. निपाणीच्या माणसाला तसं कोल्हापूर जवळ. चाळीस किलोमीटर, ओळखीची माणसं, पाटीवर मराठी. बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. पण बेळगावात आत्या होती. आजारात अंतर असं मोजलं जातं. भर पावसात स्तवनिधीचा घाट चढून, संकेश्वर, हत्तरगी, काकती करत गाडी आली तेव्हा पोरगं रडूनही थकलं होतं.

त्या म्हाताऱ्या बालरोगतज्ज्ञांनी आधी पोराला हात लावलाच नाही. खुर्ची ओढून वहिनीसमोर बसले आणि म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांगा बघू. गडबड करूलालात कशाला, सावकाश सांगा." वहिनी सांगत गेली. कुठल्या दिवशी डोळे, कुठल्या दिवशी ओठ, पुरळ आधी पाठीवर की पोटावर. निरनिराळ्या दवाखान्यांत विखुरलेलं सगळं पहिल्यांदाच एका कागदावर, एका खाली एक आलं. मग त्यांनी जीभ बघितली. लालभडक, वर दाणे उठलेले. मानेतली गाठ चाचपली. शेवटी डाव्या दंडावरची बाही वर केली. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीचा जुना वण ताज्या जखमेसारखा लाल झाला होता. आपल्याकडं जवळपास प्रत्येक दंडावर हा वण असतो आणि त्याकडं कुणी बघत नाही. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याचं नाव जपानी आहे. कावासाकी."

दादाला मोटारसायकलच आठवली. बऱ्याच जणांना आठवते.

तोमिसाकु कावासाकी हे टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. १९६१ च्या जानेवारीत चार वर्षं तीन महिन्यांचा एक मुलगा त्यांच्याकडं आला: ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले हात. ज्ञात आजारांपैकी कशातही तो बसेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, निदान कोरंच राहिलं. दुसऱ्या कुणी ते विसरून टाकलं असतं. पुढच्या वर्षी अगदी तसंच दुसरं मूल आलं तेव्हा कावासाकींना पहिलं आठवलं. ते नोंदी करत राहिले. वरिष्ठ म्हणत होते की हा जुन्याच आजाराचा वेगळा चेहरा आहे. १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांची बारकाईनं केलेली नोंद जपानी भाषेत छापली. प्रत्येकाचे ओठ, प्रत्येकाची बोटं. आमच्या भागात १९६७ म्हटलं की महाजन आयोगाशिवाय काही आठवत नाही. बेळगाव कर्नाटकाला ठेवून निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं त्या अहवालात होतं, आणि पुढं त्यातलं काहीच झालं नाही. त्याच वर्षी तिकडं एक माणूस लहान मुलांच्या सोलून निघालेल्या बोटांची टिपणं छापत होता, हे कळायला मला भाच्याचं आजारपण यावं लागलं.

आजही या आजाराची अशी एक रक्ततपासणी नाही की जी हो किंवा नाही सांगेल. निदान होतं ते जवळजवळ कावासाकींच्याच रीतीनं: पाच दिवस ताप, आणि डोळे, तोंड, पुरळ, हातपाय, मानेतली गाठ या पाचांपैकी चार. आणि ही चार एकाच वेळी हजर असायला बांधलेली नाहीत. म्हणून आईला विचारावं लागतं.

स्वतः कावासाकींना सुरुवातीला हा आजार आपोआप, काही मागं न ठेवता बरा होतो असंच वाटत होतं. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली तेव्हा दहा मुलांच्या शवविच्छेदनाचे अहवाल हाती आले. ताप उतरलेला, मूल खेळायला लागलेलं, आणि मग अचानक गेलेलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगलेल्या आणि त्यांत गुठळी. खरं तर त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७१ मध्ये, लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयात असेच फुगे बघून लिहून ठेवले होते. तापाशी त्यांचा धागा जुळवायला कुणी नव्हतं.

शरीराची राखणदार फौज स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उठते, आणि त्यातही तिला हृदयाच्या धमन्याच का आवडतात, हे कुणी नीट सांगू शकत नाही. धमनीच्या भिंतीत लवचीक थर असतात. सूज ते खाऊन टाकते. भिंत दुबळी झाली की आतला दाब तिला बाहेर ढकलतो. डॉक्टरांनी दादाला एका वाक्यात सांगितलं, "सायकलच्या ट्यूबला कसा फुगा येतो? तसा." फुगलेल्या जागी रक्त रेंगाळतं. नेमक्या त्याच सुमाराला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रक्तातल्या प्लेटलेट भरमसाट वाढतात. गुठळीसाठी याहून सोयीचं काय हवं? उपचार झाला नाही तर चारा-पाचांतल्या एका मुलाच्या धमन्यांवर परिणाम होतो. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोबुलिन मिळालं तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. भाचा त्या चार-पाचांत निघाला. पण ते नंतर कळलं.

वजन बारा किलो. किलोला दोन ग्रॅम. म्हणजे चोवीस ग्रॅम औषध, पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या. शहरातल्या औषध दुकानांतून त्या गोळा करत दादा भिजत हिंडला आणि वहिनीच्या पाटल्या दुसऱ्या दिवशी सराफाकडं गेल्या. रात्रभर थेंब थेंब ते औषध चढत होतं, दहा-बारा तास. इम्युनोग्लोबुलिन कारखान्यात घडवता येत नाही. ते माणसांच्या रक्तातूनच काढावं लागतं, आणि एका खेपेच्या औषधात हजारो रक्तदात्यांचा अंश असतो. हजारो माणसांना आयुष्यात झालेले सर्दी-ताप, गोवर-कांजिण्या, त्यांच्याशी त्यांनी दिलेले लढे, सगळं गाळून त्या पारदर्शक पाण्यात आलेलं. त्यानं पोराच्या अंगातली बंडखोर फौज शांत होते. कशी, याबद्दल पुस्तकांत अनेक शक्यता आहेत आणि अनेक शक्यता असणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. मी बाटलीकडं बघत हिशेब करत बसले होते की यातलं किती मराठी, किती कन्नड. सीमाभागात वाढलेल्या माणसाला असले हिशेब सुचतात, त्याची लाज वाटून घेऊ नये. गोकाककडची एक नर्स दर अर्ध्या तासानं येऊन थेंब मोजायची, पोराच्या कपाळावरून हात फिरवायची. "अळब्याडप्पा, अळब्याड." रडू नको रे, रडू नको. पहाटे ताप उतरला. पोरानं डोळे उघडून "पाव" मागितला.

पुढच्या आठवड्यात नखांच्या कडेपासून बोटांची साल निघायला लागली. त्याला गंमत वाटायची. एकेक पापुद्रा ओढून तो आजीच्या हातावर ठेवायचा आणि आजी दुसरीकडं बघायची. आमच्या दृष्टीनं आजार संपला होता. दोन आठवड्यांनी पुन्हा टूडी इको झाला तेव्हा डावीकडची धमनी, जी त्या वयात दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असायची, ती एका जागी साडेतीनच्या वर गेलेली दिसली. पोरगं टेबलावर पडून छातीवरच्या गार जेलीला हसत होतं.

तेव्हापासून फाइल सुरू झाली. पहिल्या पानावर बेळगावचा शिक्का, मधे कोल्हापूरचे कागद, कुठं कन्नडमधली पावती, कुठं मराठीत लिहिलेलं 'जेवणानंतर'. एका पाकिटात इकोची सीडी आहे. ती लावायला आता घरात काय, गल्लीतही यंत्र नाही. अर्ध्या गोळीबरोबर नवे घोर आले. ॲस्पिरिन चालू असताना मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर क्वचित यकृत आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतात. आणि बाहेर तर फ्लूचीच साथ. गोवर-कांजिण्यांच्या लशीही लगेच देता येईनात, कारण अंगात हजारो परक्यांची प्रतिद्रव्यं; ती लस रुजूच देणार नाहीत, अकरा महिने थांबा म्हणाले. कुणाच्या घरी पोराला कांजिण्या आल्या की वहिनीला ती बातमी नगरपालिकेच्या आधी कळायची.

साधारण दोन वर्षांनी धमनी मापात आली. दादा पेढे घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी एक पेढा घेतला आणि मग जे सांगितलं ते दादाला नको होतं. फुगा बसला याचा अर्थ भिंत पूर्ववत झाली असा नसतो. आतल्या बाजूनं नवं अस्तर वाढतं, जाड होतं, जागा भरून काढतं. बाहेरून माप बरोबर येतं. पण ती भिंत जन्माच्या वेळची नसते. ताठर असते, वय वाढेल तशी अरुंद होऊ शकते, तिच्यात चुना साठू शकतो. अर्धी गोळी बंद करायला हरकत नाही. येत राहणं बंद करू नका.

आता इथं माझा खरा अडखळा आहे. ज्याला हे झालं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. ताप नाही, सुई नाही, ती रात्र नाही. त्याला हॉस्पिटलच्या खिडकीतून दिसलेली लाल बस आठवते म्हणतो. पण त्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडं उघडत होती, मीच तिथं बसले होते. बस आम्हीच कुणीतरी कधीतरी गोष्टीत घातली असणार. त्याचा आजार आमच्याकडं आहे. त्याच्याकडं आहे ती फक्त धमनी, आणि ती बोलत नाही. एरवी दुखण्याचा धनी एकच असतो. इथं वाटणी झाली: भिंत त्याच्या वाट्याला, आठवण आमच्या. आणि आम्ही त्याच्याआधी जाणार.

चौकात फ्लेक्स लागतात, भावपूर्ण श्रद्धांजलीचे. अलीकडं त्यांवरचे चेहरे कोवळे असतात. बत्तीस, चौतीस. काय झालं म्हणून विचारलं तर "ॲटॅक" एवढंच उत्तर, आणि मग ताण, जिम, चायनीजच्या गाड्या यांवर पानपट्टीपाशी चर्चा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी चाळिशीच्या आतल्या रुग्णांच्या जुन्या अँजिओग्राफी पुन्हा काढून बघितल्या. शंभरातल्या सुमारे पाचांच्या धमन्यांवर लहानपणीच्या कावासाकीशी जुळणाऱ्या खुणा होत्या. आपल्याकडं चंदिगढच्या पीजीआयसारख्या ठिकाणी १९९० च्या दशकापासून या मुलांचा माग ठेवला जातोय. पण तालुक्याच्या गावात गोवर म्हणून किंवा उष्णता म्हणून निभावून गेलेल्या किती तापांची नोंद कुठं असेल? फ्लेक्सवरच्या त्या हसऱ्या पोराच्या आईला एकदा विचारावंसं वाटतं की हा लहान असताना कधी आठवडाभर तापला होता का हो, डोळे लाल होते का. अर्थातच विचारत नाही. सांत्वनाला जाऊन असले प्रश्न कुणी विचारतं का?

आणि आमचं गाव तंबाखूचं. निपाणीची लोकगीतं नसली तरी वास आहे. उन्हाळ्यात वखारींची दारं उघडली की तो घराघरांत यायचा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागं शेतकरी भावासाठी महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच रस्त्यानं आम्ही पोराला बेळगावला आणलं. बायका सुपात पानं घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या आणि त्या पैशांवर कित्येक पोरं शिकली. या पिकानं आम्हाला पोसलं, हे मी नाकारणार नाही. आता उसानं तंबाखूची बरीच रानं घेतली. पण ज्याच्या धमनीचं अस्तर एकदा जळून गेलंय त्यानं धुराजवळही उभं राहू नये, हे डॉक्टरांचं वाक्य दुसऱ्या गावात सल्ला ठरलं असतं, आमच्या घरात ते आप्पांवर आलं. ते बिडी घेऊन आधी अंगणात गेले, मग कोपऱ्यावर, मग कोपऱ्यावरच्याही पलीकडं. सोडली का? विचारू नका. नातू आला की मात्र हात रिकामे असायचे.

२०२० साली कावासाकी हे नाव अचानक टीव्हीवर आलं. करोनातून उठलेल्या मुलांना काही आठवड्यांनी तसाच ताप, तसेच डोळे, हृदयाला सूज. इटलीत बेर्गामोला, लंडनला, मग मुंबई-पुण्यालाही. आजार तोच नव्हता, पण नात्यातला होता, आणि उपायही तेच: इम्युनोग्लोबुलिन, इको, थांबून बघणं. त्याच जूनच्या पाच तारखेला तोमिसाकु कावासाकी पंचाण्णवाव्या वर्षी वारले. कारण शोधता शोधता गेले. कुणी म्हणतं विषाणू, कुणी म्हणतं रक्तातूनच आलेली तयारी. एका गटानं तर जपानमधल्या मोठ्या साथींचा संबंध मध्य आशियातून वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांशी जोडलाय. हे वाचलं त्या दिवशी आंबोलीकडून पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्याकडं मी उगाच संशयानं बघितलं. भाच्याचा त्या वर्षीचा इको चुकला. सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर कधी पास, कधी चाचणीचा कागद. आणि इथून तिथं जायला जो कागद लागायचा तो तिथून इथं यायला चालायचा नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमावर्ती गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना देऊ केली आणि कर्नाटकानं हरकत घेतली, तेव्हा दादा पेपर घडी घालत एवढंच म्हणाला, "आधी रस्ता तरी मोकळा ठेवा म्हणावं."

आता तो अठरा ओलांडून गेलाय. ओठांवर मिशी आहे, अर्जुननगरच्या मैदानावर पळतो. कॉलेजची हद्द महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, त्यामुळं रोज सकाळी राज्य बदलून येतो. पुढच्या वर्षी पुण्याला वसतिगृहात जाईल. फाइल कुणाकडं राहणार यावरून घरात मायलेकांचा अबोला झाला. तो म्हणाला, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलेत. वहिनी म्हणाली, मोबाइल पाण्यात पडतो.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी आता मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञाकडं पाठवलंय. या वेळी मीही गेले होते. डॉक्टर तरुण, घाईत. "लहानपणी काही मोठा आजार?" वहिनीनं श्वास घेतला तेवढ्यात हा म्हणाला, "आई, मी सांगतो." आणि सांगितलं. कुठल्या वर्षी, कुठली धमनी, किती मिलिमीटर, औषध कधी, गोळी कधी थांबली. वहिनी त्याच्या तोंडाकडं बघत होती, ओठ हलवत, शाळेतल्या पाठांतराला मागं बसलेल्या बाईसारखी. "ताप किती दिवस होता?" इथं तो अडखळला. तिनं हळूच बोटं दाखवली, डॉक्टरांना दिसणार नाहीत अशी. डॉक्टरांना दिसली.

ट्रेडमिलची चाचणी लिहून देत ते म्हणाले, "पुढच्या खेपेला हा एकटा आला तरी चालेल."

"येईल की," वहिनी म्हणाली. "फक्त बाजारचा वार तेवढा सोडून तारीख द्या, मला निघता येत नाही."